व्हॅनच्या भिंतीतला फोम आणि त्याची छाटणी

पत्र्याची गाडी, राहण्याचे घर

मालवाहू व्हॅनचे राहण्याजोग्या गाडीत रूपांतर करण्याची प्रथा युरोप आणि अमेरिकेत चांगलीच रुळली आहे. फियाटची डुकाटो, फोर्डची ट्रान्झिट आणि १९९५ साली आलेली मर्सिडीझची स्प्रिंटर या गाड्या त्यासाठी वारंवार निवडल्या जातात. त्यांच्या मालकक्षाची मूळ रचना सारखीच असते. बाहेर एक मिलिमीटरपेक्षाही पातळ पोलादी पत्रा, त्याला आतून उभ्या-आडव्या पोकळ बरगड्यांचा आधार आणि त्या बरगड्यांमध्ये उथळ, बाकदार खण, ज्यांत काटकोन औषधालाही सापडत नाही. हा पत्रा उन्हात तापतो, थंडीत गारठतो आणि आतल्या हवेतील बाष्पाचे त्यावर पाणी होते. म्हणून त्याला आतून उष्णतारोधक थर द्यावा लागतो. फवारून लावलेला पॉलियुरेथेन फोम हा त्यासाठीच्या पर्यायांपैकी एक. तो वाकड्या खणात शिरतो, पत्र्याला घट्ट चिकटतो आणि फट ठेवत नाही. मात्र हव्या त्या जाडीवर आपण होऊन थांबत नाही. वाढलेला भाग कापून काढणे हे त्यामुळे या पद्धतीचे अंगभूत काम ठरते.

फोमची घडण

पॉलियुरेथेनचे रसायन १९३७ साली जर्मनीतील लेव्हरकुसेन येथे ओटो बायर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी विकसित केले. फवारणीच्या फोममध्ये दोन द्रव असतात. एक आयसोसायनेट, दुसरा पॉलिऑल. दुसऱ्यात उत्प्रेरक, अग्निमंदक आणि फुगवणारा घटक मिसळलेला असतो. दोन्ही द्रव गरम नळ्यांतून येतात, बंदुकीच्या तोंडाशी एकत्र होतात आणि काही सेकंदांत फेसाळू लागतात. अभिक्रियेतून उष्णता निघते, तिने फुगवणाऱ्या घटकाची वाफ होते आणि बहुलकाच्या जाळ्यात तिचे असंख्य सूक्ष्म बुडबुडे अडकतात. जाळे एकदा बांधले गेले की ते पुन्हा वितळवता येत नाही. हा गुण पुढच्या सगळ्या कामाची दिशा ठरवतो. ओला फोम अॅसिटोनने पुसता येतो; वाळलेल्या फोमला विरघळवणारा साधा द्रावक नाही. म्हणजे तो हत्यारानेच काढावा लागतो.

किरकोळ फटींसाठी मिळणारा डब्यातील फोम याच कुळातला, पण एकाच घटकाचा असतो आणि हवेतील ओलाव्याशी संयोग होऊन घट्ट होतो. जाड थरात ओलावा आत पोचायला वेळ लागतो, त्यामुळे बाहेरून टणक दिसणारा हा फोम आत बराच काळ चिकट राहू शकतो. संपूर्ण भिंत डब्याच्या फोमने भरण्याचे प्रयोग पुष्कळ होतात. ते महाग पडतात आणि फारसे समाधानकारक ठरत नाहीत.

बंद पेशी आणि उघड्या पेशी

फोममधील बुडबुड्यांना पेशी म्हणतात. त्यांच्या भिंती शाबूत असतील तर फोम बंद पेशींचा, फुटून एकमेकींत उघडत असतील तर उघड्या पेशींचा. बंद पेशींच्या फोमची घनता साधारण ३२ किलो प्रति घनमीटर असते आणि उष्णतावाहकता सुमारे ०.०२५ वॅट प्रति मीटर-केल्व्हिन. उघड्या पेशींचा फोम घनमीटरला सुमारे ८ किलो इतका हलका, पण त्याची वाहकता दीडपट. पहिला फवारल्यावर सुमारे तीसपट फुगतो, दुसरा शंभरपटीपर्यंत. उघड्या पेशींचा फोम मऊ असतो, ओलावा आत घेतो आणि बाष्पाला वाट देतो. पातळ पत्र्याच्या गाडीत, जिथे प्रत्येक सेंटिमीटर मोलाचा आणि बाष्प हा कायमचा शत्रू, तिथे म्हणूनच बंद पेशींचा प्रकार निवडतात. हाच प्रकार कापायला अधिक कष्टाचा असतो. इमारतींत उघड्या पेशींचा फोम मुद्दाम जास्त फवारून लांब करवतीने चौकटीच्या पातळीत सपाट कापून घेण्याची रीत आहे. ती रीत व्हॅनमध्ये जशीच्या तशी उचलली की पदरी बराच घाम आणि बरीच भुकटी पडते.

जादा फोम का उरतो

फवारणारा कारागीर द्रव पाहतो. फोम किती होणार याचा त्याला अंदाज बांधावा लागतो. हा अंदाज पत्र्याच्या तापमानावर, द्रवांच्या उष्णतेवर, हवेतील ओलाव्यावर आणि हाताच्या गतीवर अवलंबून असतो. उन्हाकडची भिंत गरम असेल तर तीवरचा फोम सावलीतल्या भिंतीपेक्षा जास्त फुगतो. थंड पत्रा अभिक्रियेची उष्णता ओढून घेतो, मग थर दबलेला आणि दाट राहतो. खणाच्या कडेला, बरगडीजवळ हात वळवताना फवारा दोनदा पडतो आणि तिथे उंचवटे येतात. त्यात भर म्हणजे बंद पेशींचा फोम एका वेळी साधारण पाच सेंटिमीटरपेक्षा जाड फवारू नये असा उत्पादकांचा दंडक असतो, कारण जाड थराच्या गाभ्यात उष्णता कोंडून तापमान १०० अंश सेल्सियसच्या पुढे जाते आणि फोम आतून करपतो, क्वचित पेटही घेतो. म्हणून पातळ थर एकावर एक द्यावे लागतात आणि प्रत्येक थराच्या चुका पुढच्यात मिळत जातात. परिणामी पृष्ठभाग नेहमीच खडबडीत येतो.

तरीही जादा फोमचे प्रमाण बऱ्याच अंशी फवारणीपूर्वीच ठरते. बरगड्यांच्या दर्शनी पट्ट्यांवर मास्किंग टेप लावणे, खिडक्या, दाराच्या चौकटी आणि कप्प्यांची तोंडे प्लास्टिकने झाकणे, मापाची खूण केलेली काडी खणात धरून पाहणे ही पूर्वतयारी काही तास घेते आणि त्याहून कितीतरी अधिक कापकाम वाचवते. बरगडीपेक्षा किंचित कमी भरलेला खण हा बरगडीवर ओसंडलेल्या खणापेक्षा सरस. उणा भाग दुसऱ्या हलक्या थराने भरता येतो. ओसंडलेला मात्र हातानेच कापावा लागतो.

किती कापायचे

छाटणीचे माप फोमवरून ठरत नाही, अस्तरावरून ठरते. अस्तर म्हणजे आतून लावायची प्लायवूडची किंवा लाकडी पट्ट्यांची भिंत. तिची मागची बाजू ज्या पातळीत येणार, तिच्या पुढे आलेला फोम तेवढा जादा. खोलगट राहिलेल्या जागेला हात लावण्याचे कारण नाही, आणि अस्तरामागे राहणारा पृष्ठभाग देखणा करण्याचेही नाही. गुळगुळीत करण्याच्या हौसेपायी पुष्कळ चांगला फोम जमिनीवर येतो.

अस्तराची पातळी शोधण्यासाठी दोन बरगड्यांवर सरळ पट्टी आडवी टेकवतात. पट्टी डुलली तर मध्ये उंचवटा आहे. व्हॅनच्या भिंती वरच्या अंगाला आत झुकतात, त्यामुळे उभ्या दिशेने सरळ पट्टी चालत नाही. तिथे प्लायवूडची पातळ, लवचिक फीत वाकवून धरावी लागते. ओळंबा आणि गुण्या या कामात जवळजवळ निरुपयोगी ठरतात, घरबांधणीतून आलेल्या सुताराला हे स्वीकारायला थोडा वेळ लागतो. अस्तर थेट बरगडीवर न बसवता मध्ये लाकडी बत्ता द्यायचा असेल तर बत्त्याच्या जाडीइतकी जागा आपोआप मिळते आणि छाटणी मोठ्या प्रमाणात घटते. बरेच उंचवटे त्या जागेत सामावून जातात. कापण्याआधी अस्तराचा आराखडा पक्का असणे म्हणूनच किफायतशीर ठरते.

छाटणीची वेळ

फवारलेला फोम काही मिनिटांत हाताला कोरडा लागतो, पण गाभ्यातील उष्णता आणि अभिक्रिया त्यानंतरही चालू असते. अशा वेळी पाते घातले तर कोवळा फोम कापला न जाता ओढला जातो, पत्र्यापासून सुटण्याचा धोका असतो आणि पात्याला चिकट लेप बसतो. काही तासांनी फोम घट्ट झालेला असतो, तरी पूर्ण पक्का झालेला नसतो. हाताच्या करवतीला तो या टप्प्यात सर्वांत सोपा जातो. मात्र ताज्या फोममधून बाष्पे निघत असतात आणि फवारणीनंतर बिनमुखवट्याने आत जाण्यासाठी उत्पादक सामान्यतः २४ तास थांबायला सांगतात. घरी काम करणाऱ्याने हीच मुदत पाळावी. पक्का झालेला फोम थोडा अधिक ठिसूळ असतो, कापताना भुकटी अधिक होते, पण वाट पाहिल्याने नुकसान काही होत नाही. वाट पाहण्याला वरची मर्यादा असते ती सूर्यप्रकाशाची. खिडकीतून थेट ऊन पडणारा उघडा फोम अतिनील किरणांनी पिवळा, मग तपकिरी पडतो आणि त्याची वरची त्वचा भुसभुशीत होते.

हत्यारे

सर्वांत उपयोगी हत्यार म्हणजे लांब, पातळ आणि लवचिक दातेरी पाते. खनिज लोकर कापण्यासाठी मिळणारी लहरी धारेची सुरी याच कामाची. ती नसेल तर पाव कापायची लांब सुरी चालते. पात्याची लांबी दोन बरगड्यांमधील अंतरापेक्षा जास्त असावी, म्हणजे बरगड्याच त्याला मार्गदर्शक रूळ होतात. ओढताना कापणारी जपानी पद्धतीची करवत पातळ असूनही वाकत नाही, कारण तिच्यावर जोर ताणाचा येतो. ढकलून कापणारी सुतारी करवत जाड आणि ताठ असल्याने बाकदार भिंतीवर ती खोल रुतते.

अरुंद जागेत हॅक्सॉचे सुटे ब्लेड, एका टोकाला कापड गुंडाळून, हाताने चालवता येते. वीजेवर चालणारे दोलन-पाते कोपऱ्यांत आणि चौकटींच्या कडेला अचूक काम देते, पण मोठ्या भिंतीवर ते संथ आहे. लांब ब्लेडची मागे-पुढे चालणारी यांत्रिक करवत वेगवान खरी. तिचे टोक मात्र फोमच्या आत कुठे फिरते आहे ते दिसत नाही, आणि पत्रा किंवा वायर यांतले काहीही तिच्या वाटेत येऊ शकते. ड्रिल मशीनला लावलेला तारेचा ब्रश बरगडीवरचे पातळ थर झटपट उडवतो, त्याच झटक्यात रंगही खरवडतो. शेवटच्या दोन-चार मिलिमीटरसाठी खडबडीत कानस किंवा लांब फळीला चिकटवलेला ४० ते ६० क्रमांकाचा पॉलिशपेपर पुरतो. बोथट पाते या कामात लपत नाही: धारदार पात्याचा कीस दाणेदार पडतो, बोथटाखाली फोमचे ढेकूळ उपटून येते आणि खाली खड्डा राहतो.

तप्त तारेचा मोह

थर्माकोल कापायला गरम तार वापरतात हे सर्वपरिचित आहे, आणि तेच तंत्र इथे वापरण्याचा विचार स्वाभाविक वाटतो. थर्माकोल, म्हणजे प्रसरित पॉलिस्टायरीन, उष्णतेने मऊ होऊन वितळतो. तार त्यातून अलगद सरकते. पॉलियुरेथेनचा कठीण फोम वितळत नाही. तापवल्यावर त्याचे विघटन होते आणि त्यातून कार्बन मोनॉक्साइड, हायड्रोजन सायनाइड व आयसोसायनेट यांसारखे विषारी वायू निघू शकतात. व्हॅनसारख्या बंदिस्त जागेत हे सरळसरळ धोक्याचे आहे. गरम पाते, ब्लोअर आणि गॅसची ज्योत यांना हेच लागू पडते.

कापण्याची रीत

काम छतापासून सुरू करून खाली येणे सोयीचे, कारण कीस खाली पडतो आणि आधीच साफ केलेल्या भागावर तो पुन्हा साचत नाही. प्रथम प्रत्येक खणातील सर्वांत उंच फुगवटे वरवर उडवतात. मग पाते दोन्ही बरगड्यांना टेकवून, किंचित वाकवून, लांब आणि हलक्या हातांनी ओढतात. पात्यावर दाब देण्याची गरज भासली की ते बोथट झाले किंवा कोन चुकला असे समजावे. बरगडीवर टेप असेल तर टेपच्या कडेने सुरीने रेघ मारून ती सोलून काढतात. टेपबरोबर तिच्यावरचा फोम पट्टीसारखा निघतो आणि खाली मूळ रंग शाबूत राहतो. टेप नसेल तर फोम पटाशीने खरवडावा लागतो. त्यात बरगडीवर ओरखडे येतातच, आणि उघड्या पोलादावर जस्तयुक्त प्राइमर लावल्याशिवाय पुढे जाऊ नये. अस्तराचे स्क्रू याच पट्ट्यांत बसतात. गंज इथून सुरू झाला तर तो अस्तरामागे कोणाच्याही नजरेस न पडता वाढतो.

छेद काय दाखवतो

कापलेला पृष्ठभाग हा फवारणीच्या दर्जाचा उभा पुरावा असतो. नीट मिसळलेल्या फोमच्या पेशी बारीक आणि एकसारख्या दिसतात, रंग सगळीकडे सारखा असतो, नखाने दाबले तर किंचित दबून तो तसाच उभा राहतो. आयसोसायनेटचे प्रमाण जास्त झालेला फोम गडद, काचेसारखा ठिसूळ असतो आणि चुरून पडतो. पॉलिऑल जास्त झाला तर फोम मऊ, कधी ओलसर राहतो आणि त्याला टिकून राहणारा, माशासारखा वास येतो. थरांमध्ये तपकिरी पट्टा दिसला तर तिथे उष्णता कोंडली होती. मोठ्या पोकळ्या दिसल्या तर फवाऱ्याचा कोन चुकला होता किंवा खालचा थर पुरता निवण्याआधी वरचा दिला गेला होता.

यांपैकी पोकळ्या भरता येतात. मिश्रणाचे प्रमाण चुकलेला फोम मात्र तसाच ठेवून वर अस्तर लावणे शहाणपणाचे नाही. वास अस्तरातूनही येत राहतो. असा भाग पत्र्यापर्यंत काढावा लागतो. दुसरी तपासणी पकडीची. बाहेरून पत्र्यावर बोटाने टिचकी मारली की फोम चिकटलेला भाग बद्द वाजतो आणि सुटलेला भाग पोकळ. सुटलेल्या फोममागे शिरलेले पाणी वाळण्याची सोय नसते, आणि पातळ पत्रा तिथून आतून कुजतो. छाटणीचा हा तपासणीचा उपयोग बहुतेक वेळा दुर्लक्षित राहतो, माझ्या मते तोच सर्वांत मोलाचा.

साल गेल्यानंतर

फवारलेल्या फोमच्या पृष्ठभागावर दाट, गुळगुळीत साल तयार होते. छाटणीत ती जाते. बंद पेशींच्या फोममध्ये याने होणारे नुकसान मर्यादित असते. पात्याखाली आलेल्या एका थराच्या पेशी फुटतात, त्यांतील वायू निघून जातो, पण खालच्या पेशी शाबूत असतात आणि पाणी खोलवर जात नाही. थर पातळ झाल्याने रोधकता घटते ती त्या प्रमाणात. पाच सेंटिमीटरमधून एक गेला तर सुमारे पाचवा हिस्सा गेला. बाष्पाच्या बाबतीत मात्र जाडीला अधिक महत्त्व आहे. सुमारे पाच सेंटिमीटर जाडीचा बंद पेशींचा थर बाष्पाला जवळजवळ अडवतो. तो दोन सेंटिमीटरवर आणला तर हा गुण बराच कमी होतो. डब्यातील फोमची गोष्ट वेगळी. त्याच्या पेशी अंशतः उघड्या असतात आणि पाणी रोखण्याचे काम बरेचसे साल करते, म्हणून तो कापल्यावर उघडा भाग रंग, सीलंट किंवा पातळ पट्टीने झाकणे इष्ट.

उघड्या बरगड्या आणि बाष्प

बरगडीच्या पातळीत स्वच्छ कापलेली भिंत नीटनेटकी दिसते, आणि नेमकी तिथेच एक उणीव राहते. पोलादाची उष्णतावाहकता सुमारे ५० वॅट प्रति मीटर-केल्व्हिन, म्हणजे फोमच्या दोन हजार पट. बरगडी बाहेरच्या पत्र्याला जोडलेली असल्याने तिचा उघडा दर्शनी भाग बाहेरच्या थंडीत गार पडतो. आतली हवा २० अंशांवर आणि तिची सापेक्ष आर्द्रता ६० टक्के असेल तर दवबिंदू सुमारे १२ अंश येतो. बरगडी त्याखाली गेली की तिच्यावर पाणी धरते. हे पाणी थोडेथोडके नसते. दोन माणसे रात्रभर झोपली तर श्वासातून आणि त्वचेतून मिळून अर्ध्या लिटरच्या आसपास बाष्प सोडतात. गॅसवर स्वयंपाक केला तर प्रत्येक किलो गॅस जळताना दीड किलोहून अधिक पाणी तयार होते.

यावरचा उपाय सोपा आहे. बरगडीच्या दर्शनी पट्टीवर बंद पेशींच्या पॉलिएथिलिनची काही मिलिमीटर जाडीची फीत चिकटवतात आणि अस्तर तिच्यावर बसवतात. लाकडी बत्ता दिला तरी उष्णतेचा सेतू बऱ्याच अंशी तुटतो. याचा छाटणीशी संबंध असा की बरगडीवर आलेला एखादा सेंटिमीटर फोम दर वेळी शत्रू नसतो. अस्तराची जागा परवानगी देत असेल तर स्क्रू बसतील तेवढ्याच खुणा उघड्या करून बाकी पट्टी फोमखाली राहू देणे अधिक उष्णतारोधक ठरते. सफाईदार दिसणारी भिंत आणि चांगली काम करणारी भिंत या इथे किंचित वेगळ्या वाटांनी जातात.

तारा आणि त्यांची उष्णता

पाते फिरवण्यापूर्वी भिंतीत काय आहे याची नोंद हाती असावी लागते. गाडीच्या मूळ वायरिंगचा जुडगा, मागच्या दिव्यांची वायर, नंतर टाकलेल्या नळ्या, सगळे एकाच पिवळसर थराखाली नाहीसे झालेले असते. फवारणीआधी काढलेली, मोजपट्टी धरलेली छायाचित्रे इथे उपयोगी पडतात. नव्या तारा थेट फोममध्ये पुरण्याऐवजी नळीत घालाव्यात; पुढे तार बदलायची झाली तर भिंत पुन्हा फोडावी लागत नाही. दुसरे कारण उष्णतेचे आहे. फोमने वेढलेल्या तारेची उष्णता बाहेर जात नाही. ब्रिटिश वायरिंग नियमांनुसार अर्धा मीटर किंवा अधिक लांबीपर्यंत पूर्णपणे उष्णतारोधकात बुडालेल्या तारेची विद्युतवहनक्षमता निम्मी धरली जाते. छाटणी करताना जाड तारांच्या वाटेत फोममध्ये चर कापून त्या चरात, हवेच्या सान्निध्यात तारा नेणे हा त्यामुळे चांगला मार्ग.

जिथे फोम राहू द्यायचा नाही

काही जागा पूर्ण मोकळ्या कराव्या लागतात. खालच्या पट्टीतील निचऱ्याची छिद्रे बुजली तर दारातून आणि खिडक्यांच्या कडांतून शिरणारे पाणी साचून राहते. सरकत्या दाराचा रूळ, कुलपाची यंत्रणा, सीटबेल्टचे नांगर आणि त्यांची गुंडाळी यांत अडकलेला फोमचा लहानसा तुकडाही यंत्रणा निकामी करू शकतो. छताच्या कडेला पडदा-एअरबॅग असलेल्या गाड्यांत त्या पोकळीजवळ फोम अजिबात नको. एअरबॅग उघडण्याची वाट पूर्ण रिकामी हवी, आणि तिथे चुकून गेलेला फोम पात्याने कोरत बसण्यापेक्षा जाणकार गॅरेजला दाखवणे बरे. काळजी घेऊन झाकलेल्या गाडीत ही यादी वाचून सोडून देण्यापुरतीच उरते.

भुकटी, वायू आणि आग

पक्क्या फोममधील आयसोसायनेट जवळजवळ पूर्ण अभिक्रिया पावलेले असते, त्यामुळे छाटणीचा मुख्य त्रास भुकटीचा. ती हलकी असते, स्थिर विद्युतामुळे कपड्यांना आणि पत्र्याला चिकटते आणि डोळे व घसा चुरचुरवते. कणरोधक मुखवटा, चारही बाजूंनी बंद गॉगल, पूर्ण बाह्यांचे कपडे आणि दोन्ही दारे उघडी ठेवून केलेले काम हे किमान. फवारणीच्या वेळचा धोका याहून फार मोठा आहे: आयसोसायनेटची बाष्पे श्वसनमार्गाला अतिसंवेदनशील करतात, आणि एकदा ही संवेदनशीलता आली की पुढे अत्यल्प मात्राही दम्याचा झटका आणू शकते. युरोपीय संघात ०.१ टक्क्याहून अधिक मुक्त डायआयसोसायनेट असलेली उत्पादने कामावर वापरण्यासाठी २४ ऑगस्ट २०२३ पासून प्रशिक्षण सक्तीचे झाले आहे. छाटणीत उणीव सापडून पुन्हा फवारावे लागले तर पहिल्या दिवसाचीच सगळी सावधगिरी नव्याने घ्यावी लागते.

अग्निमंदक मिसळलेला असला तरी हा फोम जळतो. कापलेल्या फोमची भुकटी आणि पातळ कड यांना ठिणगी लवकर पकडते, म्हणून त्याच वेळी शेजारी ग्राइंडर चालवणे टाळावे. डब्यातील फोममध्ये प्रोपेन, ब्युटेन असे ज्वलनशील वायू दाबाखाली असतात. ते बंद गाडीत साचू शकतात. गाड्यांच्या अंतर्भागातील साहित्यासाठी अमेरिकेच्या ३०२ क्रमांकाच्या सुरक्षा-नियमात ज्वाला पसरण्याचा वेग मिनिटाला १०२ मिलिमीटरपेक्षा जास्त नसावा अशी मर्यादा आहे. भारतात याच विषयासाठी आयएस १५०६१ हे मानक आहे. फोम कधीही उघडा न ठेवता अस्तराखाली ठेवण्यामागे देखणेपणापेक्षा हे कारण मोठे.

भारतातील स्थिती

आपल्याकडे हा पदार्थ ‘पफ’ या नावाने ओळखीचा आहे. फ्रिजची भिंत, शीतगृहांतील पफ पॅनेल, दुधाचे आणि औषधांचे शीत-ट्रक, मासे ठेवण्याच्या पेट्या, या सगळ्यांत हाच कठीण पॉलियुरेथेन फोम असतो. फरक इतकाच की तिथे तो दोन आवरणांच्या मध्ये भरलेला असल्याने छाटणी जवळजवळ नसते. फोम फुगवण्यासाठी वापरला जाणारा, ओझोनला घातक असा एचसीएफसी-१४१बी हा घटक मॉन्ट्रियल कराराच्या अंमलबजावणीत भारताने १ जानेवारी २०२० पासून आयातीसाठी बंद केला.

राहण्याच्या गाडीसाठी इथे बहुधा फोर्स ट्रॅव्हलर निवडली जाते. आकुर्डीच्या फोर्स मोटर्सची ही गाडी मर्सिडीझच्या टी-१ या व्हॅनवर बेतलेली आहे, आणि युरोपात त्याच टी-१ ची जागा स्प्रिंटरने घेतली. पत्रा, बरगड्या आणि बाकदार खण यांचे वरील विवेचन तिला त्यामुळे सहज लागू पडते. हवामानाचा फरक मात्र लक्षात घ्यावा लागतो. कोकण-गोव्याच्या दमट उन्हाळ्यात वातानुकूलित गाडीबाहेरची हवा बाष्पाने भरलेली आणि आतली कोरडी असते, पण बाहेरचा पोलादी पत्रा बाष्पाला आत येऊ देत नाही. तिथे प्रश्न उरतो तापलेल्या छताच्या उष्णतेचा, म्हणून छताच्या खणांतील जाडी राखणे भिंतींपेक्षा महत्त्वाचे, आणि छताची छाटणी सर्वांत हात राखून करावी. हिमाचल-लडाखच्या मुक्कामासाठी बांधलेल्या गाडीला युरोपातील बाष्पाचे गणित जसेच्या तसे लागते. काम करण्यापूर्वी मोटार वाहन अधिनियम, १९८८ चे कलम ५२ पाहून घ्यावे. नोंदणी प्रमाणपत्रातील तपशिलाशी विसंगत ठरणारे बदल त्याच्या कक्षेत येतात.

कीस आणि तुकडे

छाटणीतून निघणारा माल वजनाने थोडा आणि आकारमानाने प्रचंड असतो. समजा २० चौरस मीटर क्षेत्रावरून सरासरी दोन सेंटिमीटर फोम निघाला, तो ०.४ घनमीटर भरतो आणि त्याचे वजन जेमतेम १३ किलो होते. सुटा कीस याहून जास्त जागा व्यापतो. जमिनीवर आधी मोठे प्लास्टिक अंथरून ते चारही कोपऱ्यांनी उचलणे हा साफसफाईचा सर्वांत वेगवान मार्ग. बारीक भुकटीसाठी गाळणी असलेला व्हॅक्यूम क्लीनर लागतो. हा पदार्थ वितळवून पुन्हा वापरता येत नाही आणि उघड्यावर जाळणे धोक्याचे आहे. मोठे तुकडे मात्र वाया घालवू नयेत. अस्तरामागच्या पोकळ्या, पाण्याच्या टाकीभोवतीची जागा, पलंगाखालचे कोपरे यांत ते बसवून फटी डब्यातील फोमने सांधता येतात.

दुरुस्तीची अडचण

फवारलेल्या फोमची खरी मर्यादा गाडी ठोकल्यावर समोर येते. पोचा आलेला पत्रा आतून ठोकून सरळ करण्यासाठी त्याची मागची बाजू मोकळी हवी. तिथे चिकटलेला फोम आधी पूर्ण काढावा लागतो, आणि हे काम मूळ छाटणीपेक्षा कितीतरी किचकट असते, कारण या वेळी पाते पत्र्याच्या अगदी लगत चालवायचे असते. वेल्डिंग करायचे असेल तर सांध्याच्या दोन्ही बाजूंचा फोम आणखी रुंद पट्ट्यात मागे घ्यावा लागतो, नाहीतर तो आतल्या आत धुमसतो. काही पत्राकाम करणारे अशी गाडी घेतच नाहीत. खिळवून बसवलेली खनिज लोकर किंवा चिकटवलेले फोमचे ताव उष्णता थोडी कमी अडवतात, पण हाताने उपसता येतात. अपघातानंतर दुरुस्तीला सोपी गाडी हवी की फटीशिवाय भरलेली भिंत, ही निवड फवारा सुरू होण्यापूर्वीच करावी लागते.